परदेशी मोटार आणि भाड्याचा व्यवसाय

(यवतमाळ येथे पंचायत सभासद, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यात लिमोझिन नावाच्या परदेशी मोटारीवर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. परंतु वरातीचा घोडा मागे पडला आणि त्याच्या जागी फुलांनी सजविलेली मोटार आली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चित्रपटांत दिसणारी पंचवीस-तीस फूट लांबीची पांढरी मोटार परदेशातून आणावी आणि लग्नसराईत ती भाड्याने द्यावी, असा विचार उद्या एखाद्या होतकरू तरुणाच्या मनात आला, तर त्याला हसण्याचे कारण नाही. नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा धंदा उभारण्याची उमेद ही समाजाची संपत्तीच होय.

तथापि, त्या उमेदीला लागणारे भांडवल कोठून येते, याचा विचार आपण केला पाहिजे. आपल्याकडील सामान्य कुटुंबात ते बहुधा सात-बाराच्या उताऱ्यावरून उभे राहते. वडिलोपार्जित जमीन गहाण पडते किंवा विकली जाते. असा निर्णय घेण्यापूर्वी तो तरुण सल्ला कोणाचा घेतो? गावच्या सरपंचाचा, शाळेतील गुरुजींचा, कचेरीतील एखाद्या ओळखीच्या माणसाचा. म्हणजे तुमचा आणि माझा. आपल्याला नियम ठाऊक असतील तर एक शेत वाचेल. या विषयाची निवड मी एवढ्यासाठीच केली आहे.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते पाहू. लांब लिमोझिन ही सहसा मूळ कारखान्यातून तशी बाहेर पडत नाही. साधी मोठी मोटार घेऊन तिचे धूड मध्ये कापतात, दोन भागांमध्ये नवा तुकडा बसवितात आणि त्याबरोबर खालची चौकट, चाके फिरविणारा दांडा, ब्रेकच्या नळ्या व विजेच्या तारा लांबवितात. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या फोर्ट स्मिथ या गावी १९२८ च्या सुमारास अशा मोटारी तयार होऊ लागल्या. वादकांचे ताफे वाद्यांसह गावोगाव नेण्यास त्या उपयोगी पडत. पुढे लिंकन टाउन कार ही मोटार या कामी फार वापरली गेली. मुळात सुमारे साडेपाच मीटर लांबीची ही मोटार दहा फुटांचा तुकडा जोडला की साडेआठ मीटरांची होई. मूळ मोटारीचेच उत्पादन २०११ मध्ये बंद झाले. आज बाजारात मिळतात त्या अशा लिंकन गाड्या जुन्या आहेत, आणि अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे त्यांचे सुकाणूचक्र डाव्या हाताला असते.

येथेच आयातीचे पहिले दार बंद होते. १९९१ पूर्वी परदेशी मोटार आणावयाची तर परवाना मिळविणे हीच मोठी अडचण असे. १ एप्रिल २००१ पासून ते निर्बंध उठले. परंतु त्यांच्या जागी स्पष्ट अटी आल्या. वापरलेली मोटार आणावयाची असेल तर ती तयार होऊन ३ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. तिचे चक्र उजव्या हाताला असावे. वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा. पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा. आयातीनंतर किमान ५ वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य असली पाहिजे, आणि ती मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातूनच आली पाहिजे. नवी मोटार आणावयाची तर ती ज्या देशात तयार झाली त्याच देशातून यावी, आणि तत्पूर्वी तिची विक्री किंवा नोंदणी झालेली नसावी. उजव्या हाताच्या चक्राची अट नव्या मोटारीलाही आहेच.

या अटी केवळ कागद वाढविण्यासाठी घातलेल्या नाहीत. डाव्या हाताच्या चक्रामागे बसलेल्या चालकाला आपल्या रस्त्यावर पुढील ट्रक ओलांडताना समोरून येणारी एस.टी. दिसत नाही. ती दिसावी म्हणून त्याला अर्धी मोटार पलीकडच्या बाजूला काढावी लागते. पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर याचा परिणाम काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरे दार सीमाशुल्काचे. या शुल्काची आकारणी मोटारीची किंमत, विमा आणि जहाजभाडे यांच्या बेरजेवर होते. वापरलेल्या मोटारीवरील एकूण शुल्क त्या बेरजेच्या शंभर टक्क्यांहून अधिक आहे. त्यानंतर किंमत आणि शुल्क या दोहोंच्या बेरजेवर वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे परदेशात वीस लाखांची दिसणारी मोटार बंदराबाहेर पडेपर्यंत पन्नास लाखांच्याही पुढे जाते. राज्याचा मोटार वाहन कर, विमा आणि यवतमाळपर्यंतची वाहतूक हे खर्च त्यापुढचे आहेत.

तिसरे दार तपासणीचे. आयात मोटार केंद्रीय मोटार वाहन नियमांना उतरते की नाही, हे मान्यताप्राप्त संस्था ठरवितात. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांतील एक. त्यांच्या दाखल्यावाचून नोंदणी होत नाही.

एवढा खटाटोप कशाला, गावातल्या कारागिराकडून इथलीच एखादी जुनी मोटार कापून लांबवून घेऊ, असेही कोणी म्हणेल. आपल्याकडील कारागिरांच्या हाताला कसब आहे, यात शंका नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

कायदा इतका कडक का, याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेत सापडते. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील स्कोहॅरी येथे वाढदिवसाच्या समारंभाला निघालेली एक लांबविलेली लिमोझिन उतारावर थांबू शकली नाही. आतील १७ प्रवासी व चालक आणि रस्त्यालगतचे २ पादचारी, असे २० जण मृत्युमुखी पडले. मोटार २००१ सालची होती. तिचे ब्रेक निकामी झाले होते, आणि तपासणीत नापास होऊनही ती भाड्याने धावत होती. जेथे असा व्यवसाय जुना आहे आणि निरीक्षणाची यंत्रणा आहे, तेथे हे घडले. लग्नाच्या मोटारीत नवरा-नवरी, कलवऱ्या आणि लहान मुले बसतात, याचा विसर पडता कामा नये.

चौथे दार परवान्याचे. मोटार कायदेशीर मार्गाने आली आणि तिची नोंदणीही झाली, तरी ती खाजगी म्हणून नोंदलेली असेल तर भाड्याने देता येत नाही. भाड्याच्या मोटारीची नोंदणी परिवहन वाहन म्हणून करावी लागते, तिला पिवळी पाटी लागते, कंत्राटी किंवा पर्यटक परवाना घ्यावा लागतो. तिचे योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. परवान्याविना वाहतूक केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याहून मोठा धोका विम्याचा आहे. खाजगी विम्यावर भाड्याने धावणाऱ्या मोटारीला अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा बोजा मालकावर आणि त्याच्या शेतावर येण्याची वेळ येऊ शकते.

समजा, या चारही दारांतून एखादी मोठी परदेशी मोटार रीतसर आली. आता धंद्याचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल मोटारीची एकूण किंमत ५० लाख रुपये आणि व्याज १० टक्के धरू. नुसते व्याज वर्षाला ५ लाख रुपये झाले. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थांबतात. त्यांतही धोंड्याचा महिना, गुरू-शुक्राचा अस्त आणि पावसाने वा भावाने दगा दिलेले वर्ष यांची वजावट करावी लागते. वर्षाकाठी ४० दिवस मोटार बाहेर पडली असे मानले, तर दर दिवसाच्या भाड्यातून साडेबारा हजार रुपये व्याजातच जातात. मुद्दल, चालकाचा पगार, इंधन, विमा, कर आणि टायर यांचा आकडा याहून निराळा. उरलेले ३२५ दिवस मोटार शेडमध्ये उभी असते. व्याज मात्र उभे राहत नाही.

शिवाय आपले रस्ते लक्षात घ्या. दोन चाकांमधील अंतर फार मोठे आणि पोट जमिनीलगत, अशी ही मोटार असते. गतिरोधकावर किंवा मोरीच्या उंचवट्यावर तिचे पोट टेकते. गावातल्या वळणावर ती एका दमात वळत नाही. एस.टी. बस तिच्याहून लांब असली तरी उंच असते, हा फरक आहे.

मग परदेशातून आणलेले वाहन आपल्या जिल्ह्याला लाभतच नाही काय? इतिहास तसे सांगत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरांच्या अरुंद रुळांवर धावणारी आपली ‘शकुंतला’ आठवा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ही लाइन घातली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले, १९२३ मध्ये येथे आले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने काम केले. त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली आणि कालांतराने यवतमाळची ती सेवाही थांबली. परंतु ते परदेशी इंजिन सत्तर वर्षे टिकले, कारण त्याच्यासाठी येथे काम तयार होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावावयाचा होता आणि गावोगावचे उतारू फलाटावर उभे होते. वाहन कोठून आले यापेक्षा ते वर्षातून किती दिवस भरून धावते, यावर धंदा तरतो.

हाच निकष आजच्या तरुणापुढे ठेवावा. आपल्या जिल्ह्यात १६ तालुके आहेत. उमरखेडच्या रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठण्यास शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ पाहण्यासाठी पर्यटक येतात. कळंबच्या चिंतामणीला भाविक येतात. वणीच्या कोळसा खाणींकडे कामानिमित्त ये-जा चालते. या वाटांवर परवानाधारक, विमा उतरविलेली, सहा ते बारा आसनांची देशी मोटार बारमाही धावू शकते, आणि लग्नसराईत तीच फुलांनी सजून वरातीलाही जाऊ शकते. अशा वाहनासाठी २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेतून कर्जाची विचारणा करता येते. प्रकल्प अहवालासाठी जिल्हा उद्योग केंद्राचे मार्गदर्शन घ्यावे.

सरपंच बंधूंनो, कोणी परदेशी मोटारीचा बेत घेऊन आला तर त्याला नाउमेद करू नका. जमीन गहाण टाकण्यापूर्वी चार प्रश्नांची लेखी उत्तरे आणावयास सांगा. मोटार आयातीच्या अटींत बसते काय, हे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडून. शुल्क किती पडेल, हे सीमाशुल्क खात्याकडून. तपासणीत ती उतरेल काय, हे तपासणी संस्थेकडून. आणि भाड्याचा परवाना मिळेल काय, हे आपल्या परिवहन कार्यालयाकडून. दलालाच्या तोंडी आश्वासनाला उत्तर समजू नये, आणि ही चार उत्तरे हाती येईपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की व्याज, घसारा आणि रिकामे दिवस यांचे गणित वरच्या वर्गांत अशाच एखाद्या मोटारीचे उदाहरण घेऊन शिकवावे. अधिकारी बंधूंनी विचारणा करणाऱ्यास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे न पाठविता नियम एकदाच आणि स्वच्छ शब्दांत सांगावेत. वेळेवर मिळालेला स्पष्ट नकार हीदेखील एक सेवाच आहे.

वरात एका रात्रीची असते, कर्जाची फेड अनेक वर्षांची असते. हा हिशेब आपण सर्व मिळून गावागावांत पोहोचवाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.