कोठा कोणाचा?

(अमरावती येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरामागे पडून असलेल्या कोठ्यात, कुटाराच्या खोलीत गटाचं काम कसं सुरू करावं, यावर मी बोलावं असं ठरलं आहे. विषय तसा साधा. मिस्त्री बोलवायचा, भिंती लिंपायच्या, टिनं टाकायची, मशीन मांडायच्या. मिस्त्रीचं मी सांगणारच आहे, कारण त्यातही आपल्या भागात फसगत होते. पण अकोला-अमरावतीच्या गावांत गेली पंधरा-सोळा वर्षं हे बघत आले, त्यावरून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कोठ्याची भिंत सावरण्याआधी कोठ्याचा कागद सावरा.

बैल विकले गेले, ट्रॅक्टर आला, कोठे रिकामे झाले. घरोघरी मागच्या वाडीत दोन-तीन खण ओस पडलेले आहेत. गटातल्या बाईला वाटतं, भाडं द्यायचं नाही, घर सुटत नाही, लेकरं डोळ्यासमोर राहतात, इथेच शिलाई, इथेच मसाला. नवरा म्हणतो, कर. सासरा म्हणतो, पडूनच आहे. मग ती गटातून कर्ज उचलते, स्वतः माती वाहते, नि त्या पडक्या जागेची किंमत वाढवून ठेवते. ज्याच्या नावावर जागा, त्याच्यासाठी.

दर्यापूरकडची एक बाई मला माहीत आहे. नाव सांगत नाही, तिने सांगू नका म्हटलं आहे. दिराच्या नावच्या कोठ्यात तिने सहा मशीन लावल्या. फरशी तिची, वायरिंग तिचं, खिडक्या तिच्या. काम चांगलं चाललं. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. नवरा वारला, आणि वर्षश्राद्धाच्या आत दिराला कोठ्यात खताचं दुकान काढायचं सुचलं. मशीन अंगणात आणून ठेवल्या. पावसाचे दिवस होते. ती म्हणाली, 'ताई, मले घरातून नाही काढलं नं कोणी. फक्त कामातून काढलं.'

हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण आपल्या कायद्याचीही नेमकी हीच फट आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेला, बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, मालकी तिची असो वा नसो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सांगितलं. मोठीच गोष्ट झाली. पण तो हक्क राहण्याचा आहे. जिथे ती कमावते त्या कोठ्याबद्दल तिला भांडावंच लागतं. आर्थिक छळाच्या व्याख्येत ते बसवता येतं, वकील तसा युक्तिवाद करतात. पण निकाल लागेपर्यंत गणवेशाचं काम दुसरीकडे गेलेलं असतं.

आपण इथून सेवाग्रामला सहली नेतो. तिथली बापू कुटी सगळ्यांनी पाहिली असेल. ती मुळात मीराबेनची. त्या तिथे राहायच्या, गावातल्या लोकांना पिंजण-कताई शिकवायच्या. पुढे गांधीजी राहायला आले, कुटी वाढवली गेली, आणि नाव पडलं बापू कुटी. मीराबेननी ती आनंदानेच दिली असणार, माझी तक्रार नाही. पण पुढच्या सहलीला मुलींना एवढं मात्र सांगा, की हे आधी एका बाईचं कामाचं ठिकाण होतं.

आता माझं. आमचं घर अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठाकडे, खारपाणपट्ट्यात. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, सागाच्या नाटा, वर धाबं. मागे चार खणांचा कोठा आणि कुटाराची खोली. सासरे २०११ साली गेले. नमुना आठवर भासऱ्यांचं एकट्याचं नाव लागलं. का, तर मोठे तेच. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. २०१५ मध्ये गटाने कोठ्यात काम काढायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, आधी वाटणीपत्र, रजिस्टर केलेलं. त्याशिवाय एक टिनही चढणार नाही.

घरात जे व्हायचं ते झालं. भासरे थेट माझ्याशी बोलत नाहीत, त्यांनी जाऊबाईंकडून विचारवलं, 'काऊन, आमच्यावर भरोसा नाही का?' या प्रश्नाला बायका पिढ्यान्‌पिढ्या घाबरत आल्या आहेत. मी म्हटलं, भरोसा आहे, म्हणूनच सही मागते. गटातल्या बायकाही वैतागल्या. चौदा महिने गेले. मधल्या पावसात कोठ्याची मागची भिंत बसली.

पहिली सही सासूबाईंनी केली. त्या म्हणाल्या, 'या कोठ्यातलं शेण चाळीस वर्सं म्या काढलं. आन् कागदावर माह्यं नाव पाह्यलं त कुठीच नाही.'

खरी कसोटी मात्र पुढे होती, आणि ती माझी होती. मला दोन नणंदा. वकील म्हणाले, 'त्यांच्याकडून हक्कसोड घेऊन टाका, सोपं होईल.' आपल्याकडे हेच चालतं. माहेरची साडी नेसवायची, पुरणपोळी करायची, नि तहसीलच्या आवारात सही घ्यायची. मुलीनेही हसत सही करायची, नाहीतर माहेर तुटतं. मी गावोगाव बायकांना सांगत फिरायचे, हक्कसोड करू नका. आता माझ्या कोठ्याच्या आड माझ्या नणंदांचा हक्क येत होता.

इथे कायदा नीट समजून घ्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. घरातले पुरुष वारस वाटणी मागत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने कलम २३ गेलं आणि विवाहित-अविवाहित हा भेदही गेला. त्या तारखेला बाप जिवंत होता की नाही, यावरून कोर्टात पंधरा वर्षं घोळ चालला, तो २०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटला : हक्क जन्माने, बाप जिवंत असो नसो. आपल्या बौद्ध मैत्रिणींनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम मैत्रिणींचा हिशोब वेगळा : विधवेला, मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. बाळापूर-पातूरकडे तोही बायकांच्या हाती पडत नाही असंच मी पाहिलं आहे.

तर नणंदा. मोठीने घरातल्या तिच्या हिश्श्याचे पैसे घेतले, हप्त्याहप्त्याने, पण पावतीवर घेतले. धाकटीला नवऱ्याने टाकलेलं, अकोल्यात भाड्याने राहायची. तिने पैसे नको म्हटलं. 'मले कोठ्यातच जागा दे.' म्हणून कोठा आणि मागची वाडी दोन हिश्श्यांत गेली, माझ्या नवऱ्याच्या नि तिच्या. नवऱ्याने त्याचा हिस्सा बक्षीसपत्राने माझ्या नावे केला. २०१५ पासून महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये लागतं. बाकीचे अधिभार, फी वेगळे. मात्र सवलत निवासी नि शेतीच्या मिळकतीला आहे. कोठ्यात धंदा सुरू झाला, पाटी लागली की अडचण निघू शकते. म्हणून बक्षीसपत्र आधी, पाटी मग.

याच अमरावतीत १९८९ साली शेतकरी महिला आघाडीच्या अधिवेशनात लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम ठरला. नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यायची. पुष्कळांनी दिली, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव तेव्हा गाजलं. पण भर सगळा शेतावर होता. घर नि त्यामागचा कोठा कोणाच्या हिशोबात फारसा नव्हता, कारण तिथलं काम हे काम धरतच नाहीत.

आता मिस्त्रीचं. मिस्त्री पहिलं वाक्य म्हणेल, 'पाडा आन् बांधा.' जुन्या लाकडाचा व्यापारी त्याच्या मागेच उभा असतो. तो म्हणतो, पाडायची मजुरी फुकट, लाकूड माझं. जुन्या सागाला आज काय भाव आहे ते चौकशी केल्याशिवाय हो म्हणू नका. आम्ही वाळवी लागलेल्या दोन नाटा बदलल्या, बाकी ठेवल्या.

कोठ्याची मुख्य अडचण लोणा. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेलं, त्यात खारपाणपट्ट्याची जमीन. जुन्या काळी अशाच मातीतून शोरा काढत. त्यावर थेट सिमेंटचा कोबा टाकला की दोन पावसाळ्यांत पांढरी बुरशी आल्यासारखे क्षार फुटतात, कोबा उखडतो, कापडाचे तागे खराब होतात. आम्ही दीड हात माती खणून काढली. शेतात टाकली, उत्तम खत. खाली गिट्टी, वर मुरूम, त्यावर शहाबादी फरशी. भिंतीचा खालचा कमरेइतका भाग खरवडून मातीने लिंपला, वर चुना. मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि एक दिवस सगळा पापुद्रा सुटतो, कधी भिंतीसकट. आणि लिंटल, बीम ओतायचा असेल तर बोअरचं खारं पाणी वापरू देऊ नका. आतली सळई गंजते, फुगते, काँक्रीट तडकतं. मिस्त्री म्हणेल, 'काही होत नाही बाई.' त्याला त्या छताखाली बसायचं नाही.

बसायचं आपल्याला, मे महिन्यात, अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत. नुसत्या टिनाखाली दुपारी बारा ते चार काम होऊच शकत नाही. रोजी तुटते. म्हणून धाबं जमेल तेवढं वाचवा. आमच्या चारपैकी तीन खणांचं वाचलं. कुटाराच्या खोलीवर टिनं आहेत, त्यांना वरून चुना मारतो, खालून बांबूचे तट्टे लावले आहेत. तिथे फक्त माल ठेवतो.

एक जाता जाता. या भिंती शंभर वर्षं उभ्या राहिल्या त्या दर दिवाळीला बायकांनी सारवल्या-पोतारल्या म्हणून. पण कामावर मिस्त्री तो, आणि रेजा ती. रोजातही फरक. आम्ही गटातल्या दोघींना लिंपणाच्या कामावर मिस्त्रीच्या रोजाने लावलं. मिस्त्री दोन दिवस रुसला, मग आला.

आणि दार. हे नकाशात सगळ्यात शेवटी येतं, मला ते पहिलं वाटतं. आमच्या कोठ्याला वाट घरातूनच होती, ओसरी, माजघर, मग वाडी. गटात बौद्धवाड्यातल्या पाचजणी. त्या यायच्या, पण ओसरीशी थबकायच्या. कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. शिवाय चार दिवस पाळणाऱ्या घरांतल्या बायका त्या दिवसांत माजघर ओलांडत नव्हत्या, म्हणजे महिन्याचे चार दिवस रोजी बंद. आम्ही मागच्या भिंतीत, जी पावसात बसली होती तिथेच, गल्लीकडे दार काढलं. गावात बोलणं झालं, 'मागच्या दारानं कोण येते, कोण जाते.' सासूबाईंनी त्या दाराशी खाट टाकली आणि बसल्या. बोलणं थांबलं. दाराशेजारी संडास नि मोरी बांधली. वीज मीटर गटाच्या कामासाठी वेगळं घेतलं, माझ्या नि नणंदेच्या नावावर.

आज त्या कोठ्यात अकरा जणी काम करतात. पैशांवरून भांडणं होतात, मी खोटं सांगणार नाही. नणंद आणि मी महिनाभर बोललो नाही असंही झालं आहे. पण दोघींपैकी कोणी कोणाला बाहेर काढू शकत नाही, म्हणून परत बोलावंच लागलं.

शेवटचं, आणि घाईचं. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. घराघराची मिळकत पत्रिका, सनद निघते. आजवर गावात नमुना आठ होता, तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. तरी नवी नोंद करताना बघितला जातो तोच. त्यावर एकट्या भासऱ्याचं, दिराचं नाव असेल तर तेच पत्रिकेवर पक्कं होण्याचा धोका आहे. चौकशीची नोटीस निघते, हरकत घेता येते. पण नोटीस चावडीवर लागते आणि चावडीवर बायका जात नाहीत. जा. पती-पत्नी दोघांची नावं घराला लावण्याबद्दल शासन निर्णय २००३ पासून आहे. ग्रामसेवक नाही म्हणाले तर नकार लेखी मागा.

आपापला नमुना आठ आणायला सांगितलं होतं. ज्यांनी आणला आहे त्या चहा घेऊन उजवीकडच्या टेबलाशी या, एकेक वाचू. ज्यांना उतारा मिळालाच नाही त्यांनी आधी या, अर्ज इथेच लिहू. कोठा वेगळा दाखवला आहे की घरातच धरला आहे, तेही बघायचं आहे.