रिपोर्ट तिचा, ताट घराचं

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



‘गरोदरपणातली साखर’ हा विषय फळ्यावर वाचून मागच्या रांगेतली काही मुलं चहाला निघाली होती. त्यांना मी मुद्दाम बसवून घेतलं आहे. आज जे बोलायचं आहे ते अर्ध्याहून जास्त त्यांच्यासाठीच आहे.

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट. सहावा महिना संपत आला होता. सिस्टरनी ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून दिली. ते गोडमिट्ट पाणी कसंबसं पोटात उतरवलं आणि दोन तास बाकावर बसून राहिले. मग रक्त घेतलं. आकडा आला १५८. सिस्टरनी तो कार्डावर लाल पेनानं लिहिला आणि पुढच्या बाईला हाक मारली. कुणी काही समजावलं नाही. घरी जाताना रिक्षात बसून मी आठवत होते, ईदला किती शीरखुर्मा खाल्ला, लग्नात किती गुलाबजाम खाल्ले.

घरी सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात कुणाला शुगर नाही.” खाला म्हणाली, “बाहेर कुणाला बोलू नकोस.” नवरा म्हणाला, “गोड बंद कर,” आणि कामावर गेला. वाईट कुणीच वागलं नाही. पण त्या एका आकड्याची गुन्हेगार मी एकटी ठरले.

खरं काय असतं ते ऐका. पोटात बाळ वाढतं तसा वारेतून काही हार्मोन्सचा स्राव वाढतो. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर कमी होतो. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढतं. काहींचं पुरं पडत नाही, आणि रक्तातली साखर वाढते. वजन, वय, घराण्यातला मधुमेह यांचा त्यात वाटा असतो. आपल्या भारतीय बायकांमध्ये हा धोका मुळातच जास्त आहे. दोन गुलाबजामांनी हा आजार होत नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि जास्त वाढतं. बाळंतपण अवघड होतं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, आणि बाळाची साखर धोकादायक खाली येऊ शकते. हे सगळं होत असताना आईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणून तपासणी करायची.

सरकारी दवाखान्यातली पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची अट नाही. लांबून एसटीनं येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी बोलावणं अवघड असतं, ही अडचण ओळखून चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीसाठी खूप काम केलं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू होतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, म्हणून सिस्टरना लगेच सांगा. पहिल्या भेटीतला रिपोर्ट चांगला आला तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेव्हा विचारा.

खासगी दवाखान्यात कधी कधी उपाशीपोटी बोलावतात आणि तीन वेळा रक्त घेतात. ती पद्धत वेगळी, तिचे आकडेही वेगळे. त्यामुळे मैत्रिणीच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका.

रिपोर्ट आल्यावर पहिले दोन आठवडे आहार सांभाळायचा असतो. आणि इथेच घराची परीक्षा सुरू होते. मला ‘गोड बंद’ सांगितलं होतं, पण दस्तरखानावर रोज भाताची परात तीच होती. मग मी घाबरून जेवणच कमी केलं. ते त्याहून वाईट. बाळंतिणीची काळजी घेणारं घर गरोदर बाईला उपाशी कसं ठेवतं? खायचं, पण थोडं थोडं आणि वेळेवर. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडा नाश्ता. निम्मं ताट भाज्या-कोशिंबिरीचं, त्याबरोबर डाळ, अंडी, मासे, मटण यांतलं काही. भात कमी. भाकरी चांगली, पण तिनंही साखर वाढते; तीसुद्धा मोजून. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहायला हवी. यासाठी तिचं वेगळं पातेलं शिजवायची गरज नाही. सगळ्यांनी तसंच जेवावं. अब्बूंची शुगरही खाली येईल.

जेवणानंतर थोडं चालायचं. डॉक्टर हे सहज सांगतात. पण आपल्या मोहल्ल्यात रात्री नऊ वाजता सून एकटी फेऱ्या मारेल का? मागच्या रांगेतल्या भावांनो, अशा वेळी तिच्याबरोबर उठून चाला. गच्चीवर चाला, गल्लीत चाला.

आहारानं साखर आटोक्यात आली नाही तर औषध लागतं. डॉक्टर काहींना गोळी देतात, पुष्कळांना इन्सुलिन. इन्सुलिनला आपल्याकडे दोन आक्षेप असतात. एक, ‘एकदा लागलं की जन्मभर.’ तसं नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं. माझं दुसऱ्या दिवशीच बंद झालं. दुसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, की ते डुकरापासून काढतात. पूर्वी डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत असत, हे खरं आहे. पण १९८२ पासून जीवाणू किंवा यीस्टच्या मदतीनं तयार केलेलं मानवी इन्सुलिन मिळतं, आणि आज दवाखान्यात सहसा तेच देतात. शंका असेल तर बाटली दाखवून डॉक्टरांना विचारा. पण मनात शंका ठेवून इंजेक्शन चुकवू नका.

आता रमजान. सूरह बकरात आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. स्वतःला किंवा बाळाला धोका असेल तर गरोदर बाईलाही रोजा सोडता येतो, हे उलेमा मानतात. मतभेद आहे तो नंतरच्या भरपाईबद्दल. तरीही आपल्या मुली रोजे धरतात, कारण घरात सगळे सहरीला उठलेले असतात आणि ‘हिचा रोजा नाही’ हे बोलून दाखवलं जातं. इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं रोजा धरणं धोक्याचं आहे. म्हणून चांद दिसायच्या आधीच डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर घरातल्या मोठ्यांनी स्वतः तिला दुपारचं जेवण वाढावं. लपून स्वयंपाकघरात खायची वेळ तिच्यावर येऊ नये.

बाळ झालं की सगळे हा विषय विसरतात. सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची आणि नंतर दरवर्षी साखर बघायची. या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळाच्या लसीच्या तारखा घरातल्या प्रत्येकाला पाठ असतात. तिच्या तपासणीची तारीख त्यांच्या शेजारीच लिहून ठेवा.

माझी मुलगी आज शाळेत जाते. दुसऱ्या वेळी तपासणीला गेले तेव्हा नवरा दोन तास बाकावर शेजारी बसला होता. सिस्टर बोलत होत्या आणि तो वहीत लिहून घेत होता. आकडा त्याही वेळी वाढलेलाच आला. पण त्या दिवशी घरी ती बातमी त्यानं सांगितली आणि सासूबाईंनी त्याला विचारलं, “मग उद्यापासून जेवायला काय करायचं?”

मुलांनो, तुमच्या घरात हा प्रश्न पहिल्याच वेळी विचारला जावा, एवढंच मागते. आता चहाला चला. बिनसाखरेचाही आहे.