नववीतल्या लेकीचा डबा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आज विषय बचतीचा नाही, डब्याचा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. नववीला तो बंद होतो. नेमकी त्याच वयात मुलीची पाळी सुरू झालेली असते, अंगात रक्त कमी पडतं. आणि आपली लेक चहा-बिस्किटावर एसटी पकडते, दुपारी वेफर्सचा पुडा खाते.

हिशेब तर आपल्याला येतोच. रोजचे 10 रुपये, आठवड्याचे 6 दिवस, झाले 60. तेवढ्यात पाव किलो शेंगदाणे घरी येतात.

वेगळं काही रांधायचं नाही. बाजरी-बेसनाचं थालीपीठ करा, त्यात मेथी नाहीतर शेवग्याचा पाला चिरून घाला. मोडाच्या मटकीची उसळ कोरडी ठेवा, म्हणजे दप्तरात रस्सा सांडत नाही. लिंबाची फोड विसरू नका, आंबटामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. शाळेतली आठवड्याची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं. डबा खाऊन घेतली तर त्रास कमी होतो.

एक सांगते, राग मानू नका. भावाच्या डब्यात अंडं असेल, तर बहिणीच्याही असू द्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक डबा भरून आणायचा. मिळून उघडू, चव घेऊ, एकमेकींचं शिकू. आणणार ना?