पापणीचा साज

नलदमयंतीच्या आख्यानातील स्वयंवराचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. नलाचे रूप धारण करून देव सभेत येऊन बसले आणि खरा नल कोणता, हे दमयंतीला उमगेना. अखेर ज्या खुणांवरून तिने त्याला ओळखले त्यांत एक खूण पापण्यांची होती. देवांच्या पापण्या लवत नाहीत. म्हणून तर त्यांना 'अनिमिष' हे नाव पडले. पापणी लवते ती माणसाची. ज्या डोळ्यात धूळ जाते, जो डोळा कोरडा पडतो, शिणतो, मिटावासा वाटतो, त्याच डोळ्याला पापणीची गरज. ती मानवाच्या दुबळेपणाची खूण आहे आणि त्या दुबळेपणावर निसर्गाने योजलेला उपायही आहे.

मराठी भाषेने डोळ्यावरचे कातडे आणि त्याच्या कडेचे केस या दोहोंना 'पापणी' हा एकच शब्द ठेवला आहे. संस्कृतात या केसांना 'पक्ष्म' असे स्वतंत्र नाव आहे, आणि दाट पक्ष्मांच्या डोळ्यांचे कौतुकही तेथे पुष्कळ आहे. हे दाटपणाचे आकर्षण आजचे नव्हे. घरोघरी दिव्यावर धरलेले काजळ पापणीची कड गडद करी ती याच हौसेपोटी. आज मात्र ही हौस काजळाच्या डबीपाशी थांबलेली नाही. बेंगळुरू शहरात, म्हणजे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण असलेल्या त्या नगरात, इंदिरानगर, कोरमंगला, जयनगर अशा वस्त्यांतून फिरताना ब्यूटी पार्लरांच्या पाट्यांवर 'लॅश एक्स्टेंशन' हे शब्द दिसतात. पापणीच्या एकेका केसाला एकेक कृत्रिम तंतू चिकटवून ती लांब आणि दाट करण्याची ही कला. नोकरदार तरुणी, नववधू, नृत्यांगना आणि चित्रपटसृष्टीत वावरणाऱ्या स्त्रिया तिचा आश्रय घेतात.

कृत्रिम पापण्यांची कल्पना तशी जुनी आहे. कॅनडातील अॅना टेलर या बाईंनी १९११ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. पुढे रंगभूमीने व चित्रपटाने ती लोकप्रिय केली. परंतु त्या पापण्या म्हणजे एक अखंड पट्टी असे. संध्याकाळी लावावी आणि निजण्यापूर्वी काढून ठेवावी. नव्या पद्धतीचा साज आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि तो टिकतो ते सायनोअॅक्रिलेट नावाच्या डिंकामुळे. या डिंकाचा जन्म मोठा विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत होते. हाती आलेला पदार्थ ज्याला लागेल त्याला चिकटू लागला, तेव्हा निरुपयोगी म्हणून तो बाजूला टाकण्यात आला. त्याचा चिकटपणा हाच त्याचा गुण आहे, हे काही वर्षांनी ध्यानी आले आणि १९५८ मध्ये तो बाजारात विक्रीस आला. त्याच्या कुळातील द्रव्ये आज शल्यविशारद जखमा सांधण्यासाठीही वापरतात. हवेतील दमटपणा मिळाला की हा डिंक घट्ट होतो. आणि घट्ट होत असता त्यातून जी वाफ निघते ती डोळ्याला झोंबते. म्हणूनच हा साज चढवला जात असताना डोळे मिटलेले असावे लागतात.

साज चढविण्याची रीत मोठी संथ आहे. स्त्रीला उताणे निजवतात. स्पर्शभिंगे असल्यास ती आधी काढून ठेवतात. पापण्या धुऊन कोरड्या करतात आणि खालच्या पापणीचे केस वरच्या केसांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर मऊ पट्टी लावतात. मग कारागीर स्त्री दोन चिमटे हाती घेते. एका चिमट्याने ती एक केस त्याच्या शेजाऱ्यांपासून वेगळा करते, दुसऱ्याने पॉलिएस्टरचा बारीक तंतू डिंकात बुडवून त्या केसावर ठेवते. तोही कातडीला न टेकता, मुळापासून सुमारे एक मिलिमीटर अंतर राखून. दोन केस एकमेकांना चिकटले तर ते वाढताना एकमेकांना ओढतात आणि मुळे दुखावतात. माणसाच्या वरच्या पापणीवर साधारणपणे शंभर ते दीडशे केस असतात. तेव्हा दोन्ही डोळ्यांचे काम दीड-दोन तास चालावे, यात नवल नाही.

पापणीचा केस डोक्यावरच्या केसाप्रमाणे वर्षानुवर्षे वाढत नाही. काही आठवडे वाढून तो थांबतो, काही काळ विसावतो आणि गळून पडतो. त्याच्या जागी नवा उगवतो. त्याला चिकटवलेला तंतूही अर्थातच त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरणी करावी लागते. केस गळू लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही; परंतु गळता तंतू बोटांनी ओढून काढणे मात्र घातक. तंतूबरोबर जिवंत केस उपटला जातो, आणि हे वारंवार घडले तर ती जागा कायमची विरळ होऊ शकते. साज उतरवावयाचा असेल तर तो चढविणाऱ्या जाणत्या हातांनीच उतरवावा.

निगा राखण्याचे बाकीचे नियम सोपे आहेत. पण ते भारतीय घरातील काही सवयींच्या आड येतात. हा डिंक तेलाने सैल पडतो. म्हणजे डोक्याला चोपडलेले तेल चेहऱ्यावर ओघळू देणे, दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंग, तेलकट काजळ, मलईचा लेप, या सर्वांत सावधगिरी आली. पहिला दिवसभर वाफारा टाळावा. चुलीपाशी किंवा तव्यावर वाकून उभे राहू नये. झळ लागली की तंतू आखडतात. डोळे चोळू नयेत आणि पालथे निजू नये.

मात्र सर्वांत मोठी चूक होते ती याच सावधगिरीच्या अतिरेकातून. साज निघून जाईल या भीतीने पुष्कळ स्त्रिया पापण्यांना पाणीच लावीत नाहीत. मग पापणीच्या मुळाशी घाम, धूळ, कातडीतील स्निग्धता साठते, जंतूंना आसरा मिळतो, कडा लाल होतात, खाज सुटते, सकाळी डोळे चिकटून बसतात. साज टिकविण्याकरिता डोळा घाण ठेवणे म्हणजे दागिना मळू नये म्हणून अंगावरचे वस्त्र न धुण्यासारखेच. तेलविरहित सौम्य फेसाने रोज पापण्या धुवाव्या, मऊ कुंचल्याने विंचराव्या आणि कोरड्या कराव्या. डोळा दुखू लागला, त्यातून पू येऊ लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर पार्लरची नव्हे, डॉक्टरची वाट धरावी. बेंगळुरूत त्याची उणीव नाही. तेथील मिंटो नेत्र रुग्णालयाचा प्रारंभ १८९६ सालचा आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. असा साज चढविल्यानंतर डोळ्यांचे विकार जडलेल्या १०७ स्त्रियांचा अभ्यास जपानमधील नेत्रतज्ज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६४ जणींच्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला आणि त्याभोवतीच्या आवरणाला दाह झाला होता. ४२ जणींच्या पापण्यांना अॅलर्जीने सूज आली होती. त्याच देशाने २००८ सालीच हे काम करणाऱ्यांना सौंदर्यप्रसाधकाचा परवाना आवश्यक असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणून डिंकाची चाचणी आधी घेऊन एक-दोन दिवस वाट पाहावी, चिमटे निर्जंतुक केले आहेत काय हे विचारावे, आणि नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा डोळे आलेले असतील तर हा बेत पुढे ढकलावा.

लांबीचा प्रश्नही असाच विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली बावीस सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. प्राणी लहान असो वा मोठा, पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश भरली. या मापाची पापणी वाऱ्याचा झोत अडवते. डोळ्यावरचे पाणी सुकणे आणि धूळ बसणे ती निम्म्यापर्यंत कमी करू शकते. पापणी त्याहून फार लांब झाली तर तीच वारा डोळ्याकडे वळवू लागते. बेंगळुरूसारख्या नगरात, जेथे असंख्य तरुण-तरुणी वातानुकूलित दालनात दिवसच्या दिवस संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसतात, तेथे ही गोष्ट विशेष महत्त्वाची. पडद्याकडे पाहताना पापणी लवण्याचे प्रमाण आधीच घटते. अशा कोरड्या डोळ्यांवर अतिलांब तंतूंचा भार नको. साज निवडताना आपल्या पापणीला किती झेपेल, हे पाहणेच शहाणपणाचे.

या सर्व विवेचनात एक बाजू सहज नजरेआड होते. ती म्हणजे चिमटा धरणाऱ्या हातांची. बेंगळुरूच्या पार्लरांतून काम करणाऱ्या कितीतरी तरुणी मणिपूर, नागालँड, मिझोराम, आसाम अशा दूरच्या प्रदेशांतून आलेल्या आहेत. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांचे पेव फुटले आणि ईशान्येकडील हजारो लोक जिवाच्या भीतीने बेंगळुरूच्या रेल्वे स्थानकावर गोळा झाले. त्यांच्यासाठी गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या. विद्यार्थी होते, पहारेकरी होते, पार्लरांत काम करणाऱ्या मुलीही होत्या. ज्या शहराने आदल्या दिवशी त्यांच्यापुढे निर्धास्तपणे डोळे मिटले होते, त्या शहरात त्यांना मात्र डोळ्याला डोळा लावणे अशक्य झाले. पुढे वातावरण निवळले, पुष्कळजण परतले आणि कामे पुन्हा सुरू झाली.

'डोळे मिटून विश्वास ठेवणे' हा मराठीतील वाक्प्रचार या धंद्यात अक्षरशः खरा ठरतो. दोन तास एक स्त्री दुसरीपुढे डोळे मिटून पडून राहते आणि ती दुसरी तिच्या डोळ्यापासून तसूभर अंतरावर अणकुचीदार चिमटा चालवते. त्या विश्वासाला पात्र होण्याची जबाबदारी कारागिरावर आहे: स्वच्छ हात, निर्जंतुक हत्यारे, चांगला डिंक, आणि प्रसंगी 'या डोळ्याला हा साज मानवणार नाही' असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य. तशीच ती डोळे मिटणाऱ्या स्त्रीवरही आहे. आधी नीट विचारपूस करून मगच तिने डोळे मिटावेत; आणि उघडल्यावर समोरच्या मुलीचे नाव-गाव विचारण्याइतकी, तिच्या श्रमांचा योग्य मोबदला देण्याइतकी आपुलकी दाखवावी. साज दोन-तीन आठवड्यांत गळू लागतो. दृष्टी मात्र जन्मभर पुरवावयाची असते.