स्मार्ट मीटर : यंत्र आणि अधिकार



महाराष्ट्रातील घराघरांच्या दारी आज जो नवा वीजमीटर येऊन उभा आहे, त्याचा स्वीकार करावा की त्यास नकार द्यावा, असा प्रश्न असंख्य कुटुंबांना पडला आहे. वरवर पाहता हा प्रश्न यंत्राचा आहे, आणि यंत्राशी समाजवादी विचाराचे वैर नाही. अचूक तराजू ग्राहकाच्याही हिताचाच असतो. परंतु या मीटरमध्ये तराजूबरोबर एक कळही आहे. दूरच्या कचेरीतून ती दाबता येते आणि घरातला दिवा मालवता येतो. तराजू बदलण्यास हरकत नसावी. मात्र ती कळ कोणाच्या हाती आणि कोणत्या बंधनाखाली राहणार, हे ठरल्यावाचून होकार देणे योग्य होणार नाही.

प्रथम खर्चाचा विचार करू. केंद्र सरकारने 2021 साली वीजवितरण सुधारणेची 3 लाख 3 हजार 758 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि शेतीपंप वगळून देशभर 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रासारख्या राज्याला मीटरमागे अनुदान ठरले ते किमतीच्या 15 टक्के, आणि तेही 900 रुपयांच्या मर्यादेत. महावितरणने 2023 साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे खासगी कंपन्यांना दिली. त्यांतील सर्वांत मोठा वाटा, 1 कोटी 16 लाख मीटरांचा, 13,888 कोटी रुपयांना अदानी समूहाकडे गेला. साधा भागाकार केला तर मीटरमागे जवळजवळ 12,000 रुपये पडतात. त्यात अनेक वर्षांची देखभालही धरलेली आहे. अनुदान वजा जाता उरणारे 11,000 रुपये कोठून येणार? मीटर मोफत आहे, वीजगळती कमी होऊन हा पैसा आपोआप निघेल, असे सांगण्यात येते. परंतु तो तसा निघाला नाही, तर वितरण कंपनीचा खर्च अखेर वीजदरातच उतरतो.

गळतीचा हा दावाही तपासून पाहावा लागेल. तारेवर आकडा टाकून चोरलेली वीज कोणाच्याच घरातील मीटरमधून जात नाही. ती पकडावयाची तर फीडरवर आणि डीपीवर मीटर बसवून आत आलेल्या व बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब जुळवावा लागतो. राज्यातील कितीतरी शेतीपंपांना आजही मीटर नाही. त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते. म्हणजे हिशेबातील अंधारा कोपरा तसाच राहतो, आणि नियमित बिल भरणाऱ्या घरातील सुस्थितीतला मीटर मात्र उतरवला जातो.

याहून गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. 2003 च्या वीज कायद्यातील कलम 56 अन्वये थकबाकीदाराचीही वीज 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय तोडता येत नाही. या पंधरा दिवसांत गरीब माणूस उसनवारी करतो, तक्रार करतो, चुकीचे बिल दुरुस्त करून घेतो. प्रीपेड मीटरमध्ये शिल्लक संपली की ही सवडच संपते. शनिवारी पगार होणाऱ्या मजुराच्या घरची शिल्लक गुरुवारी सरली, तर दोन रात्री त्याच्या मुलांनी अभ्यास कोणत्या उजेडात करावा? त्याच कायद्याच्या कलम 47 मध्ये, जो ग्राहक प्रीपेड मीटर घेण्यास तयार असेल त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागू नये, असे म्हटले आहे. ‘तयार असेल त्याच्याकडून’ याचा सरळ अर्थ ग्राहकाला निवड आहे असा होतो. 2020 च्या केंद्रीय नियमांनी प्रीपेड मीटर हाच नियम ठरवला. तथापि अपवाद करण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाकडे ठेवला. ही बाब प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावी.

लोकांच्या विरोधामुळे 2024 च्या जूनमध्ये, सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, अशी घोषणा राज्य सरकारला करावी लागली. त्यानंतर ‘टीओडी मीटर’ या नावाने नवे मीटर आले. त्यांचे बिल वापरानंतरच येईल, असे आश्वासन देण्यात आले, आणि 2025 च्या जुलैपासून दिवसा सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील घरगुती वापरास सवलत जाहीर झाली. दिवसा घरी असणाऱ्या कुटुंबाला ती सवलत उपयोगी आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु नवरा-बायको दोघेही कामावर जाणाऱ्या घरात चूल आणि पंखा संध्याकाळीच लागतो. आणि केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सर्वाधिक मागणीच्या काळात घरगुती वीज निदान 10 टक्के महाग करण्याची वाट मोकळी करून ठेवली आहे.

आज बिल नंतर येते, म्हणून उद्याही नंतरच येईल काय? ब्रिटनमध्ये थकबाकीदारांचे स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेड केले जात होते. त्यावरून संताप उसळला, तेव्हा 2023 च्या आरंभी तेथील नियामकाला सक्तीची ही पद्धत थांबवावयास लावणे भाग पडले. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 साली घरगुती खासगीपणाच्या कारणास्तव मीटरची सक्ती फेटाळली. कारण थोड्याथोड्या वेळाने केलेली नोंद घर केव्हा जागे असते आणि केव्हा रिकामे असते, हेही सांगून जाते. आणि केरळने 2023 साली खासगी भांडवलाची पद्धत नाकारून आपल्या वीज मंडळामार्फत मीटर बसविण्याचा मार्ग धरला. पर्याय नाही, असे म्हणता येणार नाही.

तेव्हा ग्राहकांनी, ग्रामपंचायतींनी आणि कामगार संघटनांनी आयोगापुढील सुनावणीत ठामपणे काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. चालू मीटर ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून काढू नये. काढताना जुन्या मीटरवरील आकडा उभयतांच्या सहीने नोंदवावा, आणि शंका आल्यास पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडून द्यावा. बिल नंतर येईल आणि पंधरा दिवसांची नोटीस कायम राहील, हे मंत्र्याच्या भाषणात न राहता आयोगाच्या आदेशात यावे. मीटरचा खर्च दरप्रस्तावात वेगळा दाखवावा. दारोदार जाऊन आकडे टिपणाऱ्या कंत्राटी कामगारांना अन्य काम द्यावे.

एवढे लिहून मिळाले तर नव्या मीटरला विरोध करण्याचे कारण उरणार नाही. ते मिळेपर्यंत मात्र दारावर आलेल्या कंत्राटदाराच्या माणसाकडे लेखी आदेश मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो सौजन्याने पण निःशंकपणे बजावला गेला पाहिजे.