आश्रमातील वृद्धांची बोली



वृद्धाश्रम म्हटला की देणगीदारांच्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते: खोल्या किती, खाटा किती, पाण्याची टाकी केवढी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक केंद्रीय कायद्याची दृष्टीही फारशी निराळी नाही. त्याच्या १९ व्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारला काढता येईल, असे म्हटले आहे. पुढे सेवांचा दर्जा, वैद्यकीय उपचार, एवढेच काय, करमणुकीचाही उल्लेख आहे. भाषेचा मात्र नाही.

गोव्यातील प्रोव्हेदोरियाचे आश्रम आपणां सर्वांस परिचित आहेत. तेथे सेविका व आश्रमवासी यांची बोली बहुधा एकच असल्याने हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत तो पदोपदी उभा राहतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत. आज नव्वदीत असलेल्या तेथील वृद्धांनी बालपणी निजामाच्या दरबाराची उर्दू पाहिली, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कचेरीत कन्नड आली, आणि घरात मात्र मराठीच राहिली. बाजारहाटापुरते कन्नड पुष्कळांना येते. परंतु म्हातारपणी, विशेषतः स्मृती ढळू लागल्यावर, मागाहून शिकलेली भाषा आधी निसटण्याचा संभव असतो.

यात कन्नड भाषेचा काही दोष नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांच्याप्रमाणे तिच्यातही 'नीनु' आणि 'नीवु' असा भेद आहे. मान द्यायचा असेल तर तो कोणत्याही भाषेत देता येतो. ताटातली ज्वारीची भाकरीही तीच, फक्त नाव 'जोळद रोट्टी'. खरी अडचण येते ती दुखण्याच्या वेळी. मराठी आजीला कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, आग होते. ही चार निरनिराळी दुखणी आहेत. ती न कळणाऱ्या सेविकेच्या लेखी एकच तक्रार उरते, आणि आजी 'कटकट करणारी' ठरते. मध्यरात्री आपले दुखणे कोणालाच सांगता येत नाही, असे एकदा कळून चुकले की माणूस बोलणेच सोडतो. मग व्यवस्थापक समाधानाने म्हणतात, की आता त्या शांत झाल्या आहेत!

म्हणून सीमाभागातील आश्रमास मदत देणाऱ्या संस्थांनी खाटांची संख्या विचारण्याआधी एक चौकशी करावी: रात्रपाळीला मराठी समजणारे कोणी आहे काय? नसल्यास तशा एका सेविकेचे वेतन द्यावे. आणखी एक संगमरवरी पाटी बसविण्यापेक्षा ते बरे. तोवर प्रत्येक खाटेच्या उशाशी एक कागद लावता येईल. आश्रमवासीयाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, पथ्य काय आणि दुखण्यासाठी तो कोणते शब्द वापरतो, हे त्यावर मराठीत व कन्नडमध्ये लिहावे. खर्च जवळजवळ नाहीच. सेविका नवीन आली की तिला तो वाचून मात्र दाखवावा लागेल.