आधी हाताला, मग पडद्याला



स्वागत समितीच्या वतीने डहाणू तालुक्यात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

लहान मुलांच्या कोडिंगची परिषद डहाणूत कशासाठी, असे काहींनी विचारले. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी इथल्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरली. पाने, बिया, शिंपले हेच शिक्षणसाहित्य. शिक्षण मुलापाशी न्यावे आणि आधी त्याच्या हाताला द्यावे, हा धडा इथलाच आहे.

संगणकाच्या जगाला तो वेगळ्या वाटेने सापडला. १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार झाली. सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी तिच्या आज्ञा पाळणारे यंत्रकासव जमिनीवर उतरवले. कासवाकडून चौकोन काढून घ्यायचा तर मुलाने आधी स्वतः चौकोनात चालून पाहायचे. पुढे १९७० च्या दशकात रेडिया पर्लमन यांनी वाचता न येणाऱ्या बालकांसाठी यंत्र केले. चित्रांची कार्डे खाचांत ओळीने लावली की कासव त्या क्रमाने चाले आणि ज्या कार्डाची पाळी, तिथला दिवा लागे. चूक कुठे झाली ते बाईंनी सांगायला नको, मुलालाच दिसे. २०१६ साली ब्रिटनमधल्या सुमारे १० लाख शाळकरी मुलांना मिळालेला मायक्रोबिट याच परंपरेतला. तळहातात मावणारी पट्टी, तीवर २५ दिवे आणि दोन बटणे.

मात्र असे साहित्य मोडेल या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिलेले मी पाहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे, ते कुलूप उघडा. जोडण्याची, चुकण्याची, पुन्हा जोडण्याची मोकळीक नसेल, तर मुलाच्या वाट्याला फक्त पाठांतर येते.

आज संध्याकाळी आपण तारपा नाच पाहाल. तारपा वाद्याचा सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावले वळतात. आज्ञा आणि कृती यांचे नाते इथल्या मुलाला पायांनी ठाऊक आहे. आपला पहिला पाठ तिथूनच सुरू व्हावा.

पाहुणचारात काही उणे राहिल्यास आपले घर समजून सांभाळून घ्यावे.